सरक, मी करते

सोमवार, रात्री उशिरा

लेक शिकायला बाहेर जाणार, त्याला आता बारा दिवस उरलेत. आज दुपारी मी घरी नसताना स्वयंपाकघरातल्या नळाचा पाइप फुटला. तिने मला चार वेळा फोन केला. मी उचलेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती आणि तोवर ती एकटी बादल्या भरत होती, जुनी फडकी पसरत होती. मी म्हणाले, "अगं, मेन कॉक बंद कर ना!" पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "तो कुठे असतो?"

मला रागच आला. अठरा वर्षं या घरात राहिलेल्या मुलीला एवढं माहीत नाही! घरी पोचेपर्यंत राग ओसरला. तिला दाखवलं कुणी होतं? काही बिघडलं की मी पुढे व्हायचे आणि म्हणायचे, "सरक, मी करते." माझ्या हातून काम लवकर व्हायचं हे खरं. तिच्या वाट्याला त्यातलं फक्त सरकणं आलं.

पाणी पुसून झाल्यावर दोघी घरभर फिरलो. पाण्याचा मेन कॉक, विजेचा मेन स्विच, गॅसचा रेग्युलेटर. तिन्ही तिने आपल्या हाताने बंद केले, पुन्हा चालू केले. कॉक इतका घट्ट बसला होता की तिला दोन्ही हात लावावे लागले. आज दुपारी मी तिला फोनवर जागा सांगितली असती, तरी पहिल्या झटक्यात तो फिरला नसता. नव्या खोलीत बॅग उघडायच्या आधी हे तिन्ही शोधून, फिरवून बघायचे असं तिने वहीत लिहून घेतलं. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायची, बाहेर पडायचं आणि मग फोन करायचा.

बुधवार

पदार्थ शिकवायचे नाहीत असं ठरवलंय. ते ती कुठूनही बघून करेल. आज फक्त स्वयंपाकघरातले धोके.

रिकामी, थंड कढई शेगडीवर ठेवली आणि म्हटलं, "समज, यातल्या तेलाने पेट घेतलाय. काय करशील?" तिचा हात सरळ पाण्याच्या भांड्याकडे गेला. माझ्या पोटात गोळा आला. तेलापेक्षा जड असल्यामुळे पाणी तळाशी जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. पेटलेलं तेल मग घरभर उडतं. शेगडी बंद करायची, वरून झाकण सरकवायचं आणि कढई गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. कढई हलवायची तर मुळीच नाही. हे आम्ही सहा वेळा केलं. चौथ्या वेळेपासून तिचा हात न चुकता झाकणाकडे जायला लागला. नुसतं सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि मीही समाधान मानलं असतं.

उरलेल्या अन्नाचंही बोललो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. खोल पातेल्यात ते मधोमध बराच वेळ गरम राहतं, म्हणून पसरट भांड्यात काढायचं. "सकाळी पुन्हा उकळलं की झालं ना?" तिने विचारलं. नाही. काही जंतूंनी आधीच तयार केलेलं विष उकळूनही जात नाही.

गुरुवार

कपडे. रंगीत वेगळे, लेबल वाचायचं, रक्ताचा डाग थंड पाण्यात. अर्ध्या तासात आटोपलं. न्हाणीघराबद्दल मात्र दोनदा बजावलं: ब्लीच आणि आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करायचे नाहीत, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

शनिवार

आज पैशांचं. हे मी आठवडाभर पुढे ढकलत होते.

कागदावर तिला एक हिशोब करायला दिला. दहा हजारांचं कर्ज, महिन्याला ३ टक्के व्याज, काहीही फेडलं नाही तर दुप्पट कधी होईल? तिने ३ टक्क्यांप्रमाणे तेहेतीस-चौतीस महिने सांगितले. पण व्याजावरही व्याज चढतं, म्हणून मी तिला ७२ ला व्याजदराने भागायला लावलं. २४ महिने. मग तिने कॅल्क्युलेटरवर महिना-महिना मोजून पाहिलं आणि आकडा वीस हजारांच्या वर गेलेला बघून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी तिला सांगितलं, जे माझ्या आईबाबांनाही कधी सांगितलं नाही. पहिल्या नोकरीत क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' दिसायची आणि मी दीड वर्ष तेवढीच भरत राहिले. मला वाटायचं, वेळेवर भरतेय म्हणजे सगळं ठीक आहे. दंड लागत नव्हता, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच होतं. कळलं तेव्हा मूळ कर्ज जवळजवळ होतं तिथेच होतं. शरमेने मी कुणाला विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याचे आणखी आठ महिने गेले.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला हे सगळं आधीपासूनच येत होतं."

तिच्यासमोर मी कधी चुकलेच नव्हते. निदान तिला दिसेल असं नाही. ती चुकली की फोन करायला का घाबरेल, हे मला आज कळलं.

बाकीचं पटापट झालं. करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायचा. खोली ताब्यात घेतल्या दिवशीच भिंती, नळ, मीटरचे आकडे यांचे फोटो काढायचे. फोनवर कुणी पैशांची घाई करत असेल, तर फोन ठेवून अधिकृत नंबरवर आपणच लावायचा.

मंगळवार

औषधांचा डबा तिनेच भरला. मी फक्त प्रश्न विचारले. पॅरासिटॅमॉल प्रौढ माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि त्याही दिवसभरात अंतर ठेवून. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये हेच औषध असतं. तिने दोन पाकिटं शेजारी ठेवून बारीक अक्षरं वाचली आणि दोन्हींवर तेच नाव सापडलं. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. जुलाब झाले आणि जलसंजीवनीची तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ताप आणि मान ताठ, श्वास लागणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

शेवटी मी म्हणाले, "आणि बरं नसताना 'मी बरी आहे' म्हणायचं नाही." ती म्हणाली, "तूही." मी हो म्हटलं.

शुक्रवार

आज तिने खोलीच्या मालकीणबाईंना स्वतः फोन लावला. आजवर असे सगळे फोन मी केलेत. मी शेजारच्या खोलीत घड्या घालत बसले होते आणि कान तिकडेच होते. भाडं कोणत्या तारखेला, किल्ल्या किती, मेन कॉक कुठे आहे. बोलणं संपत आलं आणि अनामत रकमेची पावती विचारायची राहिली. मी हातातला टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. उठले नाही.

तिने फोन ठेवला. वही चाळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने, "नमस्कार, मघाशी एक विचारायचं राहिलं होतं."