सगळे आलात का?

साडेबारा वाजलेत, सकाळी साडेसहाला उठायचंय तरी लिहितोय, नाहीतर हे डोक्यातून जाणार नाही.

शनिवारी लेकाच्या शाळेत दहावीच्या पालकांची मीटिंग होती. मला वाटलं हॉल तिकीट, बोर्ड वगैरे सांगतील, तर समुपदेशक मॅडमनी आमच्याच हातात एक प्रश्नावली ठेवली आणि तीही मुलांबद्दल नाही, आमच्या आईवडिलांबद्दल. तुम्ही सोळा वर्षांचे होईपर्यंत ते तुमच्याशी कसे वागले ते आठवा आणि भरा. २५ वाक्यं. १९७९ साली ऑस्ट्रेलियात गॉर्डन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली. काही वाक्यं माया मोजतात, काही पकड. माया कमी आणि पकड घट्ट असं ज्यांचं येतं त्यांच्यात पुढे डिप्रेशन जास्त आढळतं, असं मॅडम म्हणाल्या.

माझ्याशी प्रेमाने बोलायचे का, या वाक्याला मी अण्णांचा आवाज आठवायला लागलो तर एकच वाक्य कानात आलं, "किती वाजले?" कॉलेजातून यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी अण्णा गॅलरीत घड्याळ बघत उभे. तेव्हा इतका राग यायचा. मी भराभर टिक करत गेलो आणि शेवटी शेवटी पेन थांबलं, कारण हाच कागद लेकाला दिला तर तो माझ्याबद्दल हेच भरेल. त्याच्या फोनचं लोकेशन मी दिवसातून दहादा बघतो. टिळक रोडवर क्लास सुटल्यावर तो अमृततुल्यापाशी दहा मिनिटं थांबला तरी मी फोन करतो.

रविवारी अण्णांकडे गेलो. कधी नाही ते विचारलं, आजोबा कसे होते हो तुमच्याशी? अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पानशेत निघालं, धरण फुटून पुण्यात पूर आला होता तो. १२ जुलै १९६१, अण्णा नऊ वर्षांचे, शनिवार पेठेतलं घर गेलं, धाकटी बहीण गर्दीत चुकली ती दुसऱ्या दिवशी सापडली. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्त वसाहतीत राहिले. आणि त्यानंतर आजोबा घरी आले की दारातून एकच विचारायचे, "सगळे आलात का?" बाकी काही नाही. अभ्यास नाही, कौतुक नाही, मांडीवर घेणं तर नाहीच. मोजायचे आणि जेवायला बसायचे. "मला वाटायचं त्यांना आपण आवडत नाही," अण्णा म्हणाले. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे मला सांगावं! मी नुसता त्यांचा हात धरून बसलो, आणि हात धरल्याचं मला शेवटचं कधीचं आठवतंय ते शोधत राहिलो, सापडलं नाही.

आजोबांचं मोजणं, अण्णांचं घड्याळ, माझं लोकेशन. तीन पिढ्या आम्ही एकाच पुराला घाबरतोय आणि पोरांना ते रागासारखं ऐकू येतंय.

रात्री वाचत बसलो. मॉन्ट्रियलला मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालंय. ज्या माद्या पिलांना जास्त चाटतात त्यांची पिलं ताणाला कमी बिथरतात, आणि त्यातल्या माद्या पुढे आपल्या पिलांनाही तसंच चाटतात. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली तर पिलं जन्म देणारीवर गेली नाहीत, वाढवणारीवर गेली. वाचून आधी बरं वाटलं की हे नुसतं रक्तात नाही, आणि मग पोटात गोळा आला, कारण मग हे माझ्यावर आहे. लेक पंधराचा आहे. मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश चौदाव्या वर्षाआधीच सुरू झालेले असतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे उशीरच झालाय थोडा.

आज क्लास सुटायच्या वेळी फोन उलटा करून ठेवला. खूप जड गेलं, खरंच. पावणेनऊ झाले, नऊ झाले, ही म्हणाली गॅलरीत जाऊ नकोस, नाही गेलो. नऊ दहाला आला. दारात माझ्याकडे बघून थांबला, प्रश्नाची वाट बघत असणार. मी म्हटलं, आमटी गरम करू का?

जेवण झाल्यावर गेला नाही खोलीत. ओट्याला टेकून उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "बाबा, रात्री ना मला छातीत धडधडतं, झोपच येत नाही, प्रीलिमपासून." प्रीलिम होऊन तीन आठवडे झाले. तीन आठवडे हा पोरगा पलीकडच्या खोलीत जागा होता आणि मला त्याचं लोकेशन घरातच दिसत होतं.

"आधी का नाही सांगितलंस" हे अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. म्हटलं, कसं होतं नेमकं, सांग. तो सांगत गेला, मधेच रडला, मी पण. मग मी त्याला पानशेतची गोष्ट सांगितली, अण्णांच्या त्या बहिणीची, तर त्याने विचारलं, "मग ती सापडल्यावर पणजोबा काय म्हणाले?"

मला माहीत नाही. रविवारी दोघं जाऊन अण्णांना विचारणार आहोत. आणि मॅडमना सकाळी फोन करून त्याच्यासाठी वेळ घ्यायचीय, तो हो म्हणालाय.