नांगर निशाणी

अकोल्याहून वऱ्हाडातल्या एका गावाकडे निघाले तेव्हा माझ्या पिशवीत एक आलेख होता. बारा वर्षं तो मी वर्गात फळ्यावर काढत आले होते. एक रेघ इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराच्या कापूसभावाची, दुसरी मुंबईच्या. 1873 साली लिव्हरपूलचा भाव मुंबईपेक्षा 57 टक्क्यांनी चढा होता. 1913 पर्यंत हा फरक 20 टक्क्यांवर आला. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, 1870 मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली, आगबोटींचं भाडं उतरलं आणि दोन्ही रेघा एकमेकींकडे सरकत गेल्या. केव्हिन ओ'रूर्क आणि जेफ्री विल्यमसन हे अर्थेतिहासकार जागतिकीकरण असंच मोजतात. गलबतं समुद्रापार गेली एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. साध्यासुध्या मालाचा भाव दोन किनाऱ्यांवर जवळ येऊ लागला तेव्हा जागतिकीकरण सुरू झालं, असं ते म्हणतात. मला ही रीत मनापासून आवडते, कारण ती ढोबळ बोलू देत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या काकांकडे जुनी मोडी कागदपत्रं असल्याचं कळलं होतं. मोडी मला येते, पण अडखळत, म्हणून अकोल्याचे एक निवृत्त गुरुजी सोबत आले होते. काकांनी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक उतरवली. वर लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, विम्याच्या पावत्या होत्या आणि तळाशी फडक्यात बांधलेले तीन कागद.

पहिला कागद कर्जरोखा होता. गुरुजी बोट फिरवत वाचत गेले. रुपये दीडशे, व्याज दरमहा शेकडा दोन, येत्या मोसमात कापूस विकून फेड. खाली मिती होती, फाल्गुन वद्य दशमी, शके 1786. आणि त्याखाली, सहीच्या जागी, शाईने काढलेला एक छोटासा नांगर.

"निशाणी नांगर," गुरुजी म्हणाले. "कुणब्याची सही."

मी मितीवर अडकले होते. शके 1786 चा फाल्गुन म्हणजे 1865 चा मार्च. वद्य दशमी म्हणजे महिन्याचा तिसरा आठवडा उलटताना. आणि 9 एप्रिल 1865 रोजी अमेरिकेत व्हर्जिनियात दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. अमेरिकेचं यादवी युद्ध चार वर्षं चाललं, दक्षिणेकडची बंदरं नाकेबंदीत अडकली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलचे दलाल या कापसाला 'ऊमरा' म्हणायचे. त्या तेजीत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी कथा जुन्या नोंदींत सापडते. तेजी ओसरू लागली होती, तरी ही तेजीच्याच हिमतीवर काढलेली उचल होती आणि नांगराची शाई वाळून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा तिचा पायाच निघून गेला. 1867 पर्यंत मुंबईचा भाव तेजीतल्या शिखराच्या निम्म्याहून खाली आला.

उरलेले दोन कागद त्याच रोख्याचे पुढचे अवतार होते. शके 1789 मध्ये नवा रोखा, मुद्दल दोनशे चाळीस. शके 1793 मध्ये आणखी एक, तीनशे दहा, आणि आता शेत गहाण. दीडशेची रक्कम रुपयांत लिहिली होती, ती जागची हलली नाही. ती फेडायला लागणारा कापूस मात्र भाव उतरत गेला तसा वाढत गेला. त्यावर व्याज चढत गेलं.

मी पिशवीतला आलेख काढून कागदांशेजारी ठेवला. त्याची सुरुवात 1873 ची. तोवर हे शेत गहाण पडून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आणि मुंबईची रेघ मुंबईतच थांबत होती. व्हर्जिनियातली लढाई या ओसरीपर्यंत पोचली, भावातून पोचली, हे जागतिकीकरणच. पण मुंबई आणि ही ओसरी यांच्यामधला फरक मी कधी मोजलाच नव्हता.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, तिकडची लढाई संपून राह्यली हे त्याले मालूम असतं, त त्यानं रोखा लिहून देल्ला असता का?"

मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. तिथे तर बातम्या आधी यायच्या, तरी शेअरांच्या सट्ट्यात पैसा ओतणाऱ्यांची 1 जुलै 1865 ला वायद्याच्या सौद्यांचा हिशेब चुकता करताना धूळधाण उडाली. प्रेमचंद रायचंदांसारखा सटोडिया बुडाला, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही गेली. पण दिवाळखोरीचं दार त्यांना उघडं होतं. प्रेमचंद पुन्हा उभे राहिले. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. इकडे 1875 मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले तेव्हा कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा 1879 चा कायदा आला, तोही चार जिल्ह्यांपुरता, वऱ्हाडाला नाही.

"म्हणजे मालूम असतं तरी..." काका म्हणाले आणि थांबले. मी मान हलवली. मुलीचं लग्न होतं का, बैल मेला होता का, ते रोख्यात लिहिलेलं नाही. पैसा त्या आठवड्यातच लागणार होता, एवढंच त्यातून दिसतं.

फोटो काढून झाले. चहा आला. काकांनी मोबाइल पुढे केला. कुणीतरी कापसाचा भाव पाठवला होता, खंडीचा. "हे आमच्या क्विंटलले कसं बसते, सांगता का?"

खंडी म्हणजे 784 पौंड, जवळपास 356 किलो. मुंबईच्या बाजारातलं हे जुनं माप अजून चालू आहे. शिवाय तो भाव रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा. शेतकरी विकतो तो सरकीसकट, आणि एका क्विंटलमधून रुई निघते साधारण 34-35 किलो. त्यात सरकीची किंमत मिळवायची, जिनिंगचा म्हणजे सरकी काढण्याचा, वाहतुकीचा, अडतीचा खर्च वजा करायचा.

मी आलेखाचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडायला घेतला. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि जिनवाल्याचा दर किती ते सांगू लागले.