ॲप्रन सिंक गुण्यात बसेना

फायरक्लेचे (भट्टीत भाजलेल्या मातीचे) ॲप्रन सिंक, म्हणजे ज्याची पुढची बाजू ओट्याच्या दर्शनी भागात उघडी राहते ते स्वयंपाकघरातले सिंक, अखेर आले आणि ओट्याच्या लाकडी फळीला राउटर (लाकूड कोरण्याचे यंत्र) लावण्याचे काम तिथेच अडले. खोक्यातील कागदी साचा काठावर ठेवून पाहिला, तर तो उजवीकडे आत राहतो आणि डावीकडे बाहेर जातो. पुरवठादाराचे उत्तर ठरलेले होते: फायरक्ले सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात, भट्टीत ते आकसते, मापात २ टक्क्यांचा फरक धरूनच चालावे. हे खरेच आहे. परंतु ७६० मिलिमीटर रुंदीत २ टक्के म्हणजे १५ मिलिमीटर, आणि हे ठाऊक असताना प्रत्येक सिंकसोबत तोच छापील साचा का पाठवावा, हे कळत नाही.

मापातला फरक निभावता येतो. खरा त्रास पिळाचा आहे. दर्शनी भाग मध्यभागी फुगला आहे आणि मागचा डावा कोपरा खाली उतरला आहे. काठ पाणसळीत आणावा, तर पाणी निचऱ्याच्या तोंडाकडे न जाता कोपऱ्यात साचते. तळाचा उतार सांभाळावा, तर त्या कोपऱ्यात काठ आणि फळी यांच्यामध्ये फट पडते. फट सिलिकॉनने भरता येते, साचलेल्या पाण्याला मात्र उपाय नाही, म्हणून उताराला प्राधान्य दिले. पाण्याने भरलेले सिंक शंभर किलोच्या घरात जाते, त्यामुळे भार कॅबिनेटच्या बाजूंवर न टाकता खालच्या चौकटीवर आणि जाड प्लायवर घेतला आहे, आणि पाचरी मारून, पाणी ओतून पाहत उतार साधला. लेझर लेव्हल या कामी निरुपयोगी ठरली, कारण चकाकत्या काठावर तिची रेघ पसरते. साधी बुडबुड्याची पाणसळच खरी.

त्यानंतर एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीच्या) पट्ट्या काठालगत चिकटवून नवा साचा केला. मागच्या नोंदीत फळीची कड सिंकच्या आतल्या बाजूशी एका रेषेत ठेवण्याचे ठरले होते. तो बेत रद्द. फळीची कड सिंकच्या आत ६ मिलिमीटर पुढे येईल, म्हणजे काठाचा वाकडेपणा झाकला जाईल, आणि तिच्या खालच्या अंगाला पागोळीची खाच घेतली की पाणी लाकडाच्या उघड्या टोकांकडे सरकणार नाही.

हे लिहितानाच एक सुचले. सिंक दुतोंडी आहे, कोणतीही बाजू समोर ठेवता येते: मागच्या अंगाला उभ्या रेघा आहेत आणि निचरा बरोबर मध्यावर आहे. ते उलटे फिरवले, तर फुगलेली बाजू भिंतीकडे जाते आणि नवा साचाही तसाच फिरवून वापरता येतो. फट समोर उजवीकडे येईल खरी, पण तिथे हात पोचतो. भिंतीशी सिलिकॉन नीट भरणे जवळजवळ अशक्यच होते. रेघा मला मुळात नको होत्या, तरी आता त्या बऱ्या वाटू लागल्या आहेत. पाचरी मात्र पुन्हा माराव्या लागतील.

दरम्यान, कॅबिनेटचे शेकर दरवाजे (साधी चौकट आणि मधे सपाट पॅनेल असलेले) चौकटीच्या आत बसले आणि चारही बाजूंनी २ मिलिमीटरची फट एकसारखी आली, याचे समाधान मोठे आहे. मधले पॅनेल लाकडाऐवजी एमडीएफचे घेतल्यामुळे ते हवेबरोबर फारसे फुगत-आकसत नाही, म्हणून सांध्यांवर रंगाला तडे जाण्याची भीती कमी.

फळीला टंग तेल (टंग झाडाच्या बियांचे, वाळून कडक होणारे तेल) लावणार आहे. खनिज तेल वाळून कडक होत नाही, त्यामुळे सिंकपाशी ते टिकणार नाही. स्क्रूची भोके लाकडाच्या रेषांना आडव्या दिशेने लांबट करायची आहेत, म्हणजे फळीला हलायला जागा राहील. सिंकमागची अरुंद पट्टी मूळ फळीतच ठेवावी की वेगळी जोडावी, हे सिंक फिरवून झाल्यावर ठरेल. सध्या कल वेगळ्या पट्टीकडे आहे.