सेंटच्या रोलमध्ये रानडुक्कर

बँकेतून आणलेले अमेरिकी नाण्यांचे रोल (कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्या) आज फोडले आणि सेंटच्या एका रोलमधून चक्क रानडुक्कर निघालं! बर्म्युडाचा एक सेंट. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसरीकडे डुक्कर. १७व्या शतकात या बेटांसाठी पाडलेल्या पहिल्या नाण्यांवरही डुक्करच होतं, कारण माणसांची वस्ती होण्याआधी तिथे रानडुकरांचेच कळप होते. एवढ्याशा चकतीवर केवढा इतिहास! कितीतरी वेळ मी ते नुसतं उलटसुलट करून बघत होतो.

परकी नाणी रोलमध्ये शिरतात ती मापामुळे. अमेरिकी डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, १७.९१ मिलिमीटरचा, कॅनडाचं दहा सेंटचं नाणं १८.०३ चं. हाताला फरक कळतच नाही. (कॅनडाची अलीकडची नाणी पोलादी, त्यामुळे चुंबकाला पटकन चिकटतात.) पनामाची काही नाणी तर थेट अमेरिकी मापाचीच.

कॅनडाने सेंटचं वाटप २०१३ मध्ये थांबवलं, तरी मेपलच्या पानांचे सेंट अजून सापडतात. बरेच जण जुन्या चांदीच्या नाण्यांच्या आशेने रोल फोडतात. मला मात्र असा दूरदेशीचा पाहुणा चांदीपेक्षा प्यारा. तुम्हाला असं काही सापडलं असेल तर फोटो नक्की टाका.