तुम्ही विचारलंत म्हणून: त्रास कमी केला तर केमोचा गुणही कमी होतो का?

मी रुग्णालयात कॅन्सरची औषधं तयार करते. डॉक्टरांनी लिहिलेला डोस तपासायचा, दोन-दोन हातमोजे चढवून काचेच्या कपाटात हात घालायचे, बाटलीतलं औषध सलाईनच्या पिशवीत मिसळायचं, नाव आणि तारीख पुन्हा जुळवायची आणि पिशवी बाहेर द्यायची. आमच्या खोलीला एक छोटी खिडकी आहे. पिशवीची वाट पाहत नातेवाईक तिथे उभे असतात आणि बोलता बोलता एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगळे असतात, मुद्दा तोच: "हे औषध इतकं कडक आहे, तर ते निर्धोक का करत नाहीत? आणि केलंच, तर त्याचा जोर कमी होईल ना?"

प्रश्नाच्या दुसऱ्या भागात एक समजूत आहे. उलट्या झाल्या, केस गेले, माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे औषध लागू पडतंय. एखाद्याला फारसा त्रास झाला नाही तर घरचेच काळजीत पडतात: "यांना औषध लागत नाहीये की काय?" या समजुतीपायी माणसं गप्प बसून सोसतात, आणि त्यात त्यांचं खरंखुरं नुकसान होतं. म्हणून खिडकीशी दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

आधी निर्धोक का होत नाही ते. या औषधांचा उगमच विषात आहे. युद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूने माणसांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) एका रुग्णाला शिरेतून दिलं गेलं. गाठी विरघळल्या आणि थोड्याच काळात परत आल्या. नंतरची औषधं निरनिराळ्या कुळांतली असली तरी बहुतेकांचा घाव पेशी दुभंगण्याच्या वेळी बसतो. कॅन्सरची पेशी सतत दुभंगते, पण अस्थिमज्जेतल्या, तोंडा-आतड्याच्या अस्तरातल्या आणि केसांच्या मुळातल्या पेशीही तेच करतात. पेनिसिलिनला एक सोय असते. ते जंतूची भिंत मोडतं आणि आपल्या पेशींना तसली भिंतच नसते. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच घरातली. त्यामुळे गुण देणारा डोस आणि इजा करणारा डोस यांच्यात अंतर फार थोडं राहतं, आणि गेली सत्तर-ऐंशी वर्षं सगळी धडपड चालली आहे ती हे अंतर वाढवण्याची.

सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६०च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं की विजेचा प्रवाह सोडलेल्या भांड्यात जीवाणू नुसतेच लांब होताहेत, दुभंगत नाहीत. कारण वीज नव्हती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून पाण्यात उतरलेलं संयुग होतं. ते कॅन्सरवर चाललं, पण रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, आणि औषध बाजूला पडायची वेळ आली. त्याला वाचवलं कशाने, तर पाण्याने. औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन चढवून लघवी वाहती ठेवली की मूत्रपिंडं बरीच तगतात, हे कळलं. १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि अंडाशयाच्या व वृषणाच्या कॅन्सरवर ते वापरात आलं. वृषणाचा पसरलेला कॅन्सर तोवर बहुतेक तरुणांचा जीव घ्यायचा, आता त्यांतले बहुतेक जण बरे होऊ लागले. औषधाचा रेणू तोच होता. आजही सिसप्लॅटिनच्या दिवशी लोक विचारतात, "नुसतं पाणी एवढं कशाला चढवता?" त्या पाण्यावाचून हे औषध देताच आलं नसतं.

उलट्यांचंही तसंच. सिसप्लॅटिननंतर जवळजवळ प्रत्येकाला उलट्या व्हायच्या, तासन्‌तास, आणि पुढच्या सायकलला, म्हणजे ठरावीक दिवसांनी येणाऱ्या औषधाच्या पुढच्या फेरीला, माणूस येईलच याची खात्री नसायची. १९९१ साली अमेरिकेत ऑन्डॅन्सेट्रॉन आलं, नंतर त्याच्या जोडीला आणखी औषधं आली. उलटी थांबवणारी गोळी कॅन्सरच्या एकाही पेशीला मारत नाही. पण तिच्यामुळे माणूस ठरलेल्या सगळ्या सायकल पुऱ्या करतो, आणि अर्धवट सोडलेल्या उपचाराचा काय उपयोग?

मेथोट्रेक्सेट या औषधात तर उताराच उपचाराचा भाग झाला. हाडाच्या एका कॅन्सरमध्ये त्याचा इतका मोठा डोस देतात की एरवी माणूस त्यातून उठणार नाही. साधारण चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा सुरू करतात, रोज रक्तातली औषधाची पातळी मोजतात, आणि ती ठरावीक रेषेखाली येईपर्यंत ल्युकोव्होरिन थांबवत नाहीत. ते फार लवकर दिलं तर कॅन्सरची पेशीही वाचेल, उशीर केला तर माणूस हातचा जाईल. आमच्याकडे त्या डोसच्या वेळा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट दाखवते. व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध आहे. पाण्यासारखं दिसतं, डोस अगदी थोडा. ते शिरेतूनच द्यायचं असतं. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना त्याच सुमारास दुसरं एक औषध पाठीच्या कण्यातून दिलं जातं. दोन्ही सिरिंजमध्ये भरलेली, दोन्ही शेजारी. व्हिन्क्रिस्टिन चुकून कण्यात गेलं तर ते जवळजवळ नेहमीच जीव घेतं. जगभरात ही चूक पुन्हा पुन्हा झाली, शिकलेल्या, सावध माणसांच्या हातून झाली. उपाय साधा निघाला: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीत भरायचं. कण्यात औषध सोडताना कोणी पिशवी टांगत नाही, त्यामुळे चूक होऊ पाहिली तरी हात अडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली हाच सल्ला सगळ्या देशांना दिला. मी ती पिशवी भरते, वर "फक्त शिरेतून, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक" अशी चिठ्ठी लावते आणि ती चिकटली का हे अंगठ्याने दाबून बघते. औषध सुरक्षित करणं म्हणजे नवा रेणू शोधणं असं लोकांना वाटतं, मला मात्र ही पिशवी आठवते.

बॉस्टनमध्ये १९९४ साली बेट्सी लेहमन या आरोग्यविषयक लिहिणाऱ्या पत्रकार बाईंचा केमोच्या चुकीच्या डोसमुळे मृत्यू झाला. चार दिवसांत मिळून द्यायचं औषध त्यांना चारही दिवस रोज तेवढंच दिलं गेलं. लिहिणाऱ्याने एकूण डोस लिहिला, वाचणाऱ्यांनी तो रोजचा समजला. दोन माणसांनी स्वतंत्रपणे आकडा काढून पाहायचा, हा नियम आम्ही इतका कडक पाळतो तो अशा मृत्यूंमुळे. घाईत कोणी म्हणालं, "अहो, मागच्या वेळचाच डोस आहे, द्या की पटकन", तर मी देत नाही. वजन पुन्हा विचारते.

आता डोस. बहुतेक केमोचा डोस उंची-वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढून ठरवतात. त्याचं सर्वांत प्रसिद्ध सूत्र १९१६ सालचं, ड्यू बॉय यांचं, आणि ते अवघ्या नऊ माणसांच्या मापांवरून काढलेलं आहे. क्षेत्रफळ सारखं असलेली दोन माणसं तेच औषध अगदी निराळ्या वेगाने पचवतात. कार्बोप्लॅटिन या औषधाच्या बाबतीत हे सुधारलं. ते मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून १९८९ साली कॅल्व्हर्ट यांनी मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून डोस काढायचं सूत्र दिलं, आणि आजही तेच वापरतात.

फ्लुरोयुरॅसिल आणि त्याचं गोळीतलं रूप कॅपेसिटाबिन यांची गोष्ट आणखी बोलकी. हे औषध मोडून टाकणारं एक एन्झाइम काही लोकांत जन्मतःच कमी असतं, अगदी थोड्यांत जवळजवळ नसतंच. अशा माणसाला नेहमीचा डोस म्हणजे कित्येक पट डोस. पहिल्याच सायकलमध्ये तोंड सोलवटून निघतं, जुलाब थांबत नाहीत, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कोसळतात. युरोपीय औषध संस्थेने २०२० साली सांगितलं की उपचाराआधी या कमतरतेची तपासणी करावी. ज्यांच्यात एन्झाइम कमी आहे त्यांना कमी डोसने सुरुवात करता येते, आणि त्यांच्या रक्तात औषध इतरांइतकंच पोचतं. त्या माणसासाठी तोच पूर्ण डोस असतो. ही तपासणी सगळीकडे सरसकट होत नाही याचा मला राग येतो. तुमच्या घरात कोणाला ही औषधं सुरू होणार असतील तर डॉक्टरांना तिच्याबद्दल नक्की विचारा.

जेमटुझुमॅब ओझोगॅमायसिन हे रक्ताच्या एका कॅन्सरवरचं औषध. अँटिबॉडीला, म्हणजे ठरावीक पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनाला, विष जोडायचं आणि ते नेमक्या पेशीपर्यंत पोचवायचं, अशी त्याची रचना. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१० साली ते मागे घ्यावं लागलं, कारण फायदा सिद्ध झाला नाही आणि जिवाला धोका दिसला. २०१७ साली तेच औषध परत आलं. आधी दर चौरस मीटरला ९ मिलिग्रॅम एकदम द्यायचे, आता नव्या रुग्णांत ३ मिलिग्रॅम, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. "जोर कमी होईल ना?" असं कोणी विचारलं की मला हे औषध आठवतं.

याचा अर्थ डोस केव्हाही कमी करावा असा मुळीच नाही. जिथे आजार मुळापासून घालवायचा आहे, तिथे ठरलेला डोस ठरल्या वेळी जाणं महत्त्वाचं. इटलीत डॉ. बोनादोना यांनी १९८१ साली दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना ठरलेल्या डोसच्या निदान ८५ टक्के औषध मिळालं, त्यांचं पुढे जास्त चांगलं झालं. काउंट वाढवणारी इंजेक्शनं देतात ती याच कारणाने, सायकल लांबू नये म्हणून. किती द्यायचं हे चाचण्यांनी ठरतं. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध सहा महिने देत असत. बारा हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून २०१८ साली दिसलं की कमी जोखमीच्या रुग्णांना, विशेषतः जोडीला कॅपेसिटाबिन असेल तर, तीन महिने जवळपास तितकेच उपयोगी पडतात. आणि हातापायांच्या नसांना लक्षात येण्याजोगी इजा? सहा महिन्यांत ती साधारण निम्म्या लोकांना होत होती, तीन महिन्यांत सहा-सात जणांत एकाला.

नसांच्या इजेवरून एक गृहस्थ आठवतात. दर सायकलला वेळेवर येत, हसून बोलत. एकदा खिडकीशी सही करायला मी पेन पुढे केलं, तर त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. सदऱ्याकडे लक्ष गेलं, वरची तीन बटणं उघडी. विचारलं तेव्हा म्हणाले, बोटांना दोन महिने काही कळतच नाही, बटण लागत नाही, पण डॉक्टरांना सांगितलं तर औषध बंद करतील. त्या दिवशी मी पिशवी बाहेर दिली नाही, डॉक्टरांना बोलावलं. ऑक्झॅलिप्लॅटिन थांबलं, जोडीचं औषध चालू राहिलं. पहिल्याच महिन्यात कळलं असतं तर डोस कमी करून बोटं वाचवता आली असती. त्यांचा स्पर्श पुरता परत आला नाही. हे मला अजून सलतं, कारण दर वेळी त्यांच्याशी बोलणाऱ्यांत मीही होते.

म्हणून अमेरिकेतले कॅन्सरतज्ज्ञ इथन बाश यांचा २०१७ साली जाहीर झालेला अभ्यास मी प्रत्येकाला सांगते. पसरलेला कॅन्सर असलेल्या, केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींना नेहमीसारखी सेवा दिली, काहींना आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवायला सांगितला: मळमळ, दुखणं, धाप, थकवा. नोंद गंभीर असली की परिचारिकेला लगेच सूचना जायची. औषधं तीच, डॉक्टर तेच. नोंदवणाऱ्यांतले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांत हाच आकडा २६. पाच महिने जास्त. एखाद्या नव्या औषधाने इतकं केलं असतं तर ती मोठी बातमी झाली असती.

आता मी पिशवी देताना विचारते: बटण लागतं का? तोंडात जेवण झोंबतं का? ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला होता का, आणि गेला तेव्हा सकाळ व्हायची वाट पाहिलीत का? काउंट उतरलेले असताना ती वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

परवा एक मुलगी आईची वही घेऊन खिडकीशी आली. रोजच्या तारखेपुढे दोन-तीन शब्द. चौथ्या दिवसापासून "पायाला मुंग्या", सहाव्या दिवशी "चप्पल पायातून निसटली, कळलं नाही". मुलगी म्हणाली, "आई म्हणते, हे सांगायची काही गरज नाही." मी हातमोजे काढले, वही घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला.