जूनमधल्या सुया आणि हरवलेलं नत्र

जूनचा पहिला आठवडा होता. उत्तर स्वीडनमध्ये उमेओला आमची प्रयोगशाळा आहे, तिथे एक वनमालक स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या दोन फांद्या आणि त्याच्या सुयांच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, तपासणीचे दोन रिपोर्ट घेऊन आला. स्वीडनमधलं जवळपास निम्मं जंगल अशा खासगी मालकांचं, त्यामुळे 'माझ्या झाडांना काय झालंय' म्हणत कुणी येणं नवीन नाही. फेब्रुवारीच्या रिपोर्टात सुयांमधलं नत्र बरं होतं, मेअखेरच्या रिपोर्टात चांगलंच घसरलेलं. खाली खताची शिफारस.

"मधल्या काळात नत्र गेलं कुठे?" त्याचा रोकडा प्रश्न.

मी आधी फांदी बघितली. कळ्या फुगल्या होत्या, पण त्यांच्यावरच्या तपकिरी कागदी टोप्या अजून गळाल्या नव्हत्या. म्हणजे नवी पालवी नाही. तिथेच अंदाज आला.

गेल्या वर्षीच्या काही सुया गरम अल्कोहोलमध्ये ठेवून त्यांचा हिरवा रंग काढला, ब्लेडने आडव्या चिरल्या आणि आयोडीनचा थेंब टाकला. चकत्या बघता बघता काळ्याशार झाल्या. आमच्या फ्रीझरमध्ये जानेवारीत तोडलेल्या सुया होत्या, त्यांनाही तेच केलं. त्या पिवळट तपकिरीच राहिल्या. तो आळीपाळीने दोन्ही काचपट्ट्या उजेडाकडे धरून बघत राहिला.

काळं झालं ते स्टार्च. हिवाळ्यात सुईत ते जवळपास नसतंच. तेव्हा असतात सुक्रोज, रॅफिनोज अशा विरघळलेल्या साखरा, कारण थंडीत पेशींचे पडदे सांभाळायला त्याच कामाच्या. स्टार्चचे कण तिथे निरुपयोगी. वसंतात जमीन वितळते, दिवस लांबतात, जुन्या सुया जोरात अन्न तयार करू लागतात, पण खाणारं तोंड अजून उघडलेलं नसतं. मग शिल्लक सगळी हरितलवकांत स्टार्च म्हणून साठते. कळी फुटली की हाच साठा नव्या कोंबांच्या वाढीला लागतो आणि उन्हाळा सरता सरता संपत येतो.

या साठ्याने सुई लांब होत नाही, जड होते. समजा, १०० मिलिग्रॅम सुक्या सुईत १.५ मिलिग्रॅम नत्र आहे, म्हणजे दीड टक्का. तिच्यात २५ मिलिग्रॅम स्टार्च भरलं की तेच नत्र १.२ टक्के दिसतं. नत्र तिथल्या तिथेच, ज्याने भागायचं ते एकूण वजन मोठं झालं. म्हणून इकडे पोषणद्रव्यांसाठी सुया झाड सुप्तावस्थेत असताना तोडतात; एरवी तोडल्या तर स्टार्चही मोजून वजनातून वजा करावं लागतं. आमच्या निफाडकडे द्राक्षवाले खरड छाटणीनंतर दिवस मोजून देठ परीक्षणाला पाठवतात, त्यामागेही हीच शिस्त आहे. मेमधल्या नमुन्यावर खताची शिफारस छापणाऱ्यांचं मला नवलच वाटलं.

"म्हणजे खत नको?" त्याने विचारलं.

तसंही नाही. उत्तरेकडच्या या जंगलांत नत्राची टंचाई असतेच. इथून साधारण ६० किलोमीटरवर फ्लाकालिडेनला १९८७ पासून स्प्रूसवर प्रयोग सुरू झाला. तिथे पोषण मिळालेली झाडं बाकीच्यांपेक्षा कितीतरी जोमाने वाढली. खत टाकायचं तर वाढीसाठी खुशाल टाक, म्हटलं, पण हिशेब फेब्रुवारीच्या आकड्यावर कर. त्याने मेच्या रिपोर्टवर पेनाने आडवी रेघ मारली आणि स्टार्च मोजायला एक फांदी आमच्याकडेच ठेवून गेला.