तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी शांत पोरगी, मग कळलं कसं?

लग्नात, हळदीकुंकवाला, केंद्राच्या शिक्षण परिषदेत कुणीतरी बाई मला हळूच बाजूला घेते. आधी बदल्यांचं, पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं बोलणं होतं. मग ती मुद्द्यावर येते. "मॅडम, तुमची मनू तर किती शांत. तिला एडीएचडी आहे हे कळलं कसं तुम्हाला?" एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं किंवा स्वतःला आवरणं अवघड जाणं, मेंदूच्या वाढीतलाच एक फरक. विचारणारीच्या घरात बहुतेक वेळा एक मुलगी असते आणि ती पण शांत असते.

खरं सांगायचं तर कळलं नाही. चार वर्षं कळलं नाही, आणि मी शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत 16 वर्षं झाली मला.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. 2013 पासून ही योजना आहे. डॉक्टर येतात, नर्स येते, वजनकाटा आणि उंचीची पट्टी येते. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असे सगळे धरून तीसेक प्रकार त्यांच्या यादीत असतात. त्यात एडीएचडीसुद्धा आहे. डॉक्टर विचारतात, "मॅडम, वर्गात कुणी जास्त चंचल?" मी नावं सांगायची. खिडकीतून उडी मारून हापशावर जाणारा, रांगेत पुढच्याला ढकलणारा, उत्तर येत नसलं तरी "मी मी" म्हणत बाकावर चढणारा. सगळी पोरंच. इतक्या वर्षांत त्या यादीत मी एकाही मुलीचं नाव सांगितलं नाही. मुली कशा, शांत बसायच्या.

मनूपण शांत बसायची. सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मोजे घाल." पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बघावं तर एक मोजा पायात आणि दुसरा हातात चढवलेला. हाताचा बाहुला करून ती खिडकीतल्या मुंग्यांशी बोलत असायची. दप्तर उघडं, वेणी अर्धी, रिक्षावाले काका दारात हॉर्न वाजवतायत. चौथीच्या एका वर्षात तिनं सात पाण्याच्या बाटल्या हरवल्या. एक पान गृहपाठ सातला सुरू व्हायचा आणि दहाला संपायचा, तोही माझ्या रडण्यानं किंवा तिच्या. घटक चाचणीत पहिल्या पानावरची सगळी गणितं बरोबर आणि मागचं पान कोरं, कारण पान उलटायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. एकदा बेरजा झाल्यावर वजाबाक्या आल्या तर त्याही बेरजा करूनच सोडवल्या. बेरजा मात्र बिनचूक.

प्रगतिपत्रकावर तीन वर्षं एकच शेरा होता, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' तो वाचून मी तिला रागवायची. पुढच्या महिन्यात तस्साच शेरा मी माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या पत्रकावर लिहायची.

घरात ज्याचं त्याचं निदान तयार होतं. सासूबाई म्हणायच्या, "कुठं बघलाली गं ही सारखी? नजर लागलीय लेकराला." मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत. नणंदेनं ब्राह्मीचं तेल पाठवलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, आतापासूनच लातूरला ट्यूशन लावा, तिथं कडक आहेत. आमच्याकडं कुठल्याही दुखण्यावर हा एक उपाय असतोच. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात लेकरू पाळण्यात असतानाच त्याची बॅच ठरते. आमच्या औशाहून वीस किलोमीटर तर आहे. मी पण जवळजवळ फी भरून आले होते.

थांबले ते कंपासपेटीमुळं. एका रविवारी पेटी धुवायला घेतली, तर आतल्या पत्र्याच्या कप्प्याखाली कागदाच्या बारीक घड्या. उघडून बघितल्या. वहीची अकरा पानं होती, प्रत्येकावर बाईंचा लाल शेरा. अपूर्ण. अपूर्ण. पालकांची सही आणणे. तिनं ती पानं नीट पट्टीनं कापून, घड्या घालून लपवली होती. ज्या पोरीला मोजा घालायचं लक्षात राहत नाही, तिनं हे काम किती मन लावून केलं होतं! त्या दिवशी ओरडायला माझा आवाजच निघाला नाही.

तिथून पुढचा रस्ता सरळ नव्हता. आधी बालरोगतज्ज्ञ. रक्त तपासलं, जंताची गोळी दिली, टॉनिक दिलं, मोबाइल कमी करा म्हणाले. मोबाइल ती फारसा बघतच नव्हती. मग डोळे, मग कान. एकटक बघत राहते म्हटल्यावर फिट्सचा एक प्रकार तसा असतो म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी. सगळं व्यवस्थित. त्या वेळी हा सगळा खर्च वाया गेला असं वाटलं होतं. आता वाटतं, तो करायलाच हवा होता, कारण झोप, थायरॉइड, ऐकू न येणं यांनीही मूल असंच दिसू शकतं. शेवटी लातूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. तिथं 'वेड्यांचे डॉक्टर' म्हणून माझे मिस्टर दवाखान्याच्या बोर्डापासून वीस फूट लांब गाडी लावून बसले. दुसऱ्या वेळेला आत आले.

एडीएचडीची रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. फॉर्म असतात आणि बोलणं असतं. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं, चंचलपणाची आणि उतावीळपणाची नऊ. लहान मुलांत एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली, आणि घर-शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी लागतात. मनूला पहिल्या गटात आठ होती, दुसऱ्यात दोन. म्हणून ती भिंतीवर चढत नव्हती. ती बाकावर बसूनच बाहेर जात होती. डॉक्टर म्हणाले, मुलींत हे असंच उशिरा सापडतं, कारण त्यांचा कुणाला त्रास होत नाही. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत अशी जुनी अट होती. 2013 मध्ये ती बारा वर्षांपर्यंत नेली. निदान झालं तेव्हा मनू दहाची होती.

फॉर्म आम्ही नवरा-बायकोनं वेगवेगळे भरले. 'बऱ्याचदा' आणि 'फारच वेळा' यावरून घरात भांडण झालं, कारण मनूच्या बापाला तिच्यात काही वेगळं दिसतच नव्हतं. "मी पण असाच होतो की," असं म्हणून तो गप्प झाला. बराच वेळ गप्प होता. हे घराण्यातून येतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

शाळेचा फॉर्म परत आला तो कोरा असता तर बरं झालं असतं. वर्गशिक्षिकेनं सगळ्या रकान्यांत 'कधीच नाही' अशी खूण केली होती. मी भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "ताई, मुलीची जात आहे. तिच्या नावावर काही लागायला नको, म्हणून मीच तसं लिहिलं." चांगल्या मनाची बाई. तिच्या शेऱ्यांची अकरा पानं माझ्या पर्समध्ये होती. ती मी काढली नाहीत. फक्त म्हटलं, तुम्ही वर्गात जे बघता तेच लिहा, बाकीचं माझ्यावर सोडा. दुसरा फॉर्म त्यांनी दोन दिवस लावून भरला.

आता गोळ्यांचं, कारण कळलं कसं याच्या पाठोपाठ तेच विचारतात. हो, चालू आहेत. मिथाइलफेनिडेट. सुरू करण्याआधी घरात कुणाला हृदयाचं काही आहे का ते विचारलं, नाडी आणि बीपी बघितलं. कमी मात्रेनं सुरुवात. औशात ही गोळी मिळत नाही. लातूरलाही ठरावीक दुकानात, आणि दर वेळी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिल्या महिन्यात डबा भरलेला परत यायचा, कारण गोळीनं भूक मरते. मग आम्ही जेवणाची वेळच फिरवली. गोळीच्या आधी सकाळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दूध पोटभर, आणि संध्याकाळी ती उतरल्यावर पुन्हा जेवण. दर तीन महिन्यांनी उंची-वजन लिहून ठेवतो. गोळीनं पोरगी गुंगीत राहते म्हणतात, ते आमच्याकडं झालं नाही. तशी वाटली तर मात्रा बघावी लागते, असं आम्हाला आधीच सांगितलं होतं. मुंग्यांशी अजून बोलते. पान मात्र उलटते.

नुसत्या गोळीनं सगळं झालं असं नाही. एका वेळी एकच काम सांगायचं, दारातून ओरडून नाही तर जवळ जाऊन, ही सवय मला लागायला वर्ष गेलं. गृहपाठाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे. शाळेत पहिला बाक, खिडकीपासून लांब, आणि बाई जाता जाता बाकावर दोन बोटं टेकवतात. प्रमाणपत्राचं मात्र लक्षात ठेवा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा नाही. मनूची अध्ययन अक्षमतेची चाचणी केली, ती निघाली नाही. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती तिला या कारणानं मिळणार नाहीत. जे मिळेल ते वर्गातल्या बाईंच्या समजुतीवर. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

एक प्रश्न बायका अगदी शेवटी, आवाज उतरवून विचारतात. "पुढं लग्नाच्या वेळी सांगणार का?" मनू तेरा वर्षांची आहे. मागं आमच्याच घरात एका पाहुण्या बाईनं हे विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत मीठ-मोहऱ्यावाल्या सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या बीपीच्या गोळ्या सुनेकडच्यांना सांगून आल्ता का?" पाहुणीनं चहाची बशी तोंडाला लावली.

या वर्षी गाडी शाळेत आली तेव्हा मी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचं नाव दिलं. चौथीत आहे. तिच्या वहीत तारीख रोज असते, खाली काही नसतं. जिल्ह्याच्या केंद्रात पुढच्या तपासणीला न्या म्हणून चिठ्ठी मिळाली. बाप शाळेत येऊन चिठ्ठी टेबलावर ठेवून गेला. "मॅडम, माझी पोरगी कुणाला उलटून बोलत नाही. तुम्हाला काय त्रास झाला तिचा?" मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. चिठ्ठी हजेरीपटात ठेवली आहे. दोन दिवसांनी तिची आई भेटली आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात आंबिल प्यायला या म्हणाली. मी मनूला घेऊन जाणार आहे. कंपासपेटीतली पानंही बरोबर न्यावीत का, ते अजून ठरत नाही.